यंत्र चालू आहे

५ जानेवारी

प्रिय दादा,

इतके महिने गप्प राहिले त्याबद्दल आधी माफी. कारणं दोन-तीन लिहून पाहिली आणि सगळी नखाने दाबून सपाट केली; तिथला कागद चुरगळलेला तुझ्या बोटाला लागेलच. खरं कारण एवढंच की काय लिहावं ते कळत नव्हतं.

पत्र ब्रेलमध्ये हाताने टोचतेय. तुझीच जुनी पाटी, तुझाच लाकडी मुठीचा टोचा, मी अक्षरं शिकले तेव्हा तू दिलेला. उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं. सवय मोडलीय, त्यामुळे तिसरी संध्याकाळ चाललीय. ब्रेल मुद्रणालयाची व्यवस्थापक आणि पत्र हाताने टोचत बसते म्हणून हसू नकोस. सरकारी यंत्रावर खासगी पत्र काढणं नियमात बसत नाही. आणि काढलं असतं तरी तुला ते वाचता आलं नसतं. हे दुसरं वाक्य लिहिण्यासाठीच हे पत्र आहे, पण तिथवर जरा दमाने येते.

वहिनीचे आणि माझे फोन होतात हे तुला ठाऊक असणारच. आमचं बोलणं सुरू झालं की तू आतल्या खोलीतला रेडिओ बारीक करतोस, असं ती सांगते. तू रोज सकाळी कोमट पाण्यात बोटं बुडवून बसतोस, हेही तिनेच सांगितलं. अंधशाळेच्या वर्गात पुस्तक मिटलेलं ठेवून पाठ असलेलंच शिकवतोस. आणि मार्चअखेर निवृत्तीचा अर्ज देणार आहेस, मुदतीच्या कितीतरी आधी.

आपलं शेवटचं बोलणं मी त्याच दिवशी डायरीत उतरवलं होतं. तू म्हणालास, "टिंबे, तुमची नवी पुस्तकं मला वाचवत नाहीत गं." मी म्हणाले, "वय झालं, दादा. बोटांनाही चष्मा लागत असेल." मला वाटलं, मी धीर देतेय. तुला ते निदान वाटलं असणार. तू "बरं" म्हणून फोन ठेवलास. तुझं "बरं" मला लहानपणापासून माहीत आहे. ते बरं कधीच नसतं.

आता ऐक. परवा चहाच्या वेळी नव्या पुस्तकाचं एक पान खिडकीच्या कट्ट्यावर पडलं होतं. ऊन तिरपं आलेलं. मी डोळस, मला ठिपके दिसतात, वाचायचे असतात हे मी कामाच्या गडबडीत विसरते. पण त्या उन्हात ठिपक्यांच्या सावल्या पडल्या होत्या, आणि प्रत्येक अक्षरातल्या खालच्या डाव्या ठिपक्याची, म्हणजे तिसऱ्याची, सावली कुठे तोकडी होती, कुठे नव्हतीच. ठिपका कागदावर होता. उठलेला नव्हता.

मी पान घेऊन यंत्रावर गेले. आमच्या यंत्रचालकाला सगळे उस्ताद म्हणतात. तू त्याला एकदा भेटलायस, हात मिळवताना तुझ्या हाताला वंगण लागलं होतं तो. यंत्राच्या डोक्यात सहा खिळे असतात, तेच पत्र्यावर ठिपके उठवतात, मग त्या पत्र्यावरून पानं निघतात. म्हटलं, "उस्ताद, तिसरा खिळा झिजलाय का?"

"खिळा नवाच आहे, मॅडम. भोक सैल झालंय. दात नवा बसवला तरी हिरडीच हलते, त्याला काय करणार?"

"हे कधीपासून?"

"हळूहळूच की. म्हातारपण काय तारीख सांगून येतं?"

दादा, मला लगेच तुला लिहावंसं वाटलं: तुझी बोटं नाहीत, माझं यंत्र आहे. पण तेवढ्याने सिद्ध होत नाही. यंत्र झिजलं म्हणून बोटं शाबूत, असं थोडंच आहे? दोन्ही एकदम झिजू शकतात. खोटा धीर एकदा देऊन झालाय, पुन्हा देणार नाही. म्हणून एक मागणं. जिथे तू अडलास ती पुस्तकं मला पाठव. पत्र लिहायलाच हवं असं नाही. पुस्तकं पुरेत.

तुझी,
टिंब

३० जानेवारी

प्रिय दादा,

पार्सल मिळालं. आत चिठ्ठी नव्हती. मीच तशी सवलत दिली होती, तरी पुस्तकं दोनदा झटकून पाहिली.

ज्या पानांचे कोपरे तू दुमडले होतेस ती सगळी मी खिडकीत तिरप्या उन्हात धरली. शेवटी शेवटी कोपरा दिसला की आता कुठे सावली नसणार ते आधीच कळायला लागलं. तिसरीच्या पुस्तकात "नळ बंद कर" असं वाक्य आहे. न-मधला तिसरा ठिपका गेला की उरतो द. दळ बंद कर. तू वर्गात इथे थांबला असशील, आणि मुलं शांत बसली असतील. ते शांत बसणं तुला काय वाटलं असेल, याचा मी फार वेळ विचार करत होते.

तर मी नवं यंत्र मागायचा प्रस्ताव केला. सरकारात जुनी वस्तू बदलायची तर आधी ती मेलीय हे सिद्ध करावं लागतं. नमुन्यात रकाना आहे, 'यंत्राची सद्यस्थिती', आणि त्यात दोनच शब्द बसतात: चालू किंवा बंद. मी 'झिजलेले' असं लिहिलं. वरून विचारणा आली, म्हणजे नक्की काय? मग तपासणी समितीच आली.

समितीचे प्रमुख म्हणजे आमचे लेखाधिकारी. सज्जन माणूस, पण डोळ्यांवर फार विश्वास. ते यंत्रासमोर उभे राहिले. उस्तादने कळ दाबली. आणि दादा, यंत्र असं चाललं, जणू कालच खोक्यातून काढलंय! ठकठक ठकठक, एक ठिपका इकडचा तिकडे नाही. पान निघालं. आमच्या तपासनीस बाई, ज्या बोटांनी प्रत्येक पुस्तक छपाईआधी तपासतात, त्यांनी ते धडाधड वाचून दाखवलं. लेखाधिकारी म्हणाले, "मॅडम, यापेक्षा माझी गाडी जास्त झिजलीय."

ते गेल्यावर मी उस्तादकडे नुसतं पाहिलं.

"काल भोकात पितळेची पट्टी सारली," तो म्हणाला. "पाहुणे येणार म्हटल्यावर माणूस घर झाडतो की नाही?"

"किती दिवस टिकेल ती?"

"आजचा दिवस निघाला ना!"

बाईंना म्हटलं, एरवी अक्षरं अडतात हे तुम्ही तरी सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, "परक्या माणसासमोर आपल्या यंत्राला नावं ठेवायची? आणि खरं सांगू का मॅडम, मला ते कधी अडतच नाही. स्वतःच्या लेकराचं बोबडं आईला कळतं ना, तसं झालंय. दुसऱ्याला कळत नसेल हे डोक्यातच आलं नाही."

रागवायचं कोणावर? दोघांनी इज्जत राखली, आणि त्यापायी प्रस्ताव पडला. चार दिवसांनी शेरा आला: यंत्र चालू स्थितीत असल्याने प्रस्ताव अमान्य. तोवर पट्टी निसटली होती.

उस्तादचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार लोटून आत आला. "मीच पाडला ना प्रस्ताव, यंत्र नीट करून? एक काम करतो. आतली एक चाकी काढून ठेवतो. बंद म्हणजे बंद. मग कोणी चालू म्हणून दाखवावं."

"ते खोटं होईल, उस्ताद."

"खोटं कसं? चाकी काढल्यावर खरंच बंद असेल की!"

मी नको म्हणाले, पण लगेच नाही. मधे एक घोट चहा प्यायले. तो घोट डायरीत लिहून ठेवलाय. मी नकार का दिला? तत्त्व म्हणून, की पकडले जाऊ म्हणून? शेवटी कारण सापडलं ते वेगळंच होतं. चाकी काढून नवं यंत्र मिळालं असतं. पण तुझ्या बोटांबद्दल मग कोणालाच काही कळलं नसतं. तुलाही नाही.

मार्च जवळ येतोय. अर्जाचं थोडं थांबव, एवढंच.

तुझी,
टिंब

२१ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं! पाच ओळी, पण आल्या. कार्यालयातच वाचायला घेतलं. माझं बोट मुंगीच्या चालीने चालतं, म्हणून शेवटी चीटिंग केली, डोळ्यांनी वाचलं. आणि मग एवढ्याने हसले की उस्ताद डोकावून गेला. "टिंबे, साहेबांचा शेरा बरोबर आहे. यंत्र चालूच आहे. पक्कं चालू. पाहुण्यांसमोर सरळ वागतं आणि गरिबाला फसवतं. मला वाटलं माझीच गेली." शेवटचं वाक्य टोचताना तू जोर कमी केलास, ते मात्र मी बोटाने वाचलं.

तुझ्या त्या 'चालू'ने माझी गाठ सुटली. महिनाभर मी त्या रकान्यात बसेल असा शब्द शोधत होते. शब्द बदलायची गरजच नव्हती. प्रस्ताव पुन्हा लिहिला. यंत्राची सद्यस्थिती: यंत्र चालू आहे, पुस्तकं बंद पडली आहेत.

लेखाधिकाऱ्यांचा फोन आला. "हे काय लिहिलंय, मॅडम? पुस्तक कधी बंद पडतं का?"

"पडतं, साहेब. येऊन बघा."

"मला बघून काय कळणार त्यात?"

"तेच म्हणते मी. म्हणून वाचणाऱ्यांना बोलावते. अंधशाळेतली मुलं आणि त्यांचे शिक्षक."

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तुम्ही खाली टीप दिलीय, शिक्षक माझे सख्खे भाऊ आहेत म्हणून. मग ते तुमच्याच बाजूने वाचणार."

मी ती टीप दिली नसती तर कोणाला कळलंही नसतं; पण मग मला झोप लागली नसती. म्हटलं, "साहेब, तो वर्षभर माझ्याशी बोलत नाहीये."

"असं होय," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात एकदम विश्वास आला. "मग हरकत नाही. बोलवा."

तेव्हा मुलांना घेऊन येशील का? अधिकृत पत्र मुख्याध्यापकांकडे वेगळं गेलंय. तिथे तू मला मॅडम म्हण, मी तुला सर म्हणेन. अबोला निदान तेवढा दिवस तरी शाबूत ठेवायला हवा, नाहीतर प्रस्ताव पडेल.

एक भीती आहे, ती लपवत नाही. त्या दिवशी जुनं, चांगलं उठलेलं पान तुझ्या बोटाखाली देणार आहेत. तेही तू अडखळत वाचलंस तर? यायचं की नाही हे तू ठरव. नाही आलास तरी मी समजेन. मुलांना कोणाबरोबर तरी पाठव.

उस्तादकडून शपथ घेतलीय. यंत्राला हात लावायचा नाही, झाडायचं नाही, पुसायचंही नाही.

तुझी,
टिंब

१५ मार्च

प्रिय दादा,

काल समोर असताना जे बोलता आलं नाही ते लिहायला बसलेय. दिवसभर तुला "सर, इकडून या", "सर, पायरी आहे" म्हणत होते आणि पोटात हसू मावत नव्हतं. तू तर कहरच केलास. "मॅडम, आपल्या कार्यालयात पाणी मिळेल का?" आपल्या कार्यालयात म्हणे! लेखाधिकारी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "फारच ताणलंय हो तुमचं."

तू दाराकडे पाठ करून बसला होतास आणि मुलं एकेक करून आत येत होती. तुला आवाज आले, चेहरे मी सांगते. आधी तो उंच मुलगा. उस्तादने सगळ्यांदेखत नुकतंच काढलेलं पान त्याच्यासमोर ठेवलं. बिचारा उस्ताद दोन्ही हात मांड्यांखाली घालून बाकावर बसला होता, चुकून यंत्राकडे जाऊ नयेत म्हणून. मुलाने वाचलं, "दळ बंद कर." साहेबांनी विचारलं, म्हणजे काय रे? तो म्हणाला, "पाणी दळत असतील, साहेब." स्वतः मात्र हसला नाही, कान लाल झाले होते. दुसऱ्याने वाचलं, "नळ बंद अर." मग ती दोन वेण्यांची मुलगी. तिचं बोट त्या ओळीवर मागे गेलं, पुढे आलं, पुन्हा मागे गेलं. साहेब तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "अगं, मला तर सगळे ठिपके स्पष्ट दिसतायत."

"साहेब, बघू नका ना," ती म्हणाली. "वाचा."

मी खिडकीबाहेर पाहिलं. हसले असते तर पक्षपात झाला असता.

साहेबांनी खरंच चष्मा काढला, डोळे मिटले आणि बोट फिरवलं. त्यांना अक्षर ओळखता येत नाही, पण एक ठिपका लागतो आणि शेजारचा लागत नाही हे त्यांच्याही बोटाला कळलं. मग यंत्र नवं असताना छापलेलं त्याच धड्याचं जुनं पुस्तक आणलं. तिन्ही मुलांनी एका दमात वाचलं: नळ बंद कर.

पण माझ्या लक्षात राहिलं ते नंतरचं. साहेबांनी मुलांना विचारलं, तुम्ही शाळेत कधी तक्रार का केली नाही? उंच मुलगा म्हणाला, "वाटलं, माझंच बोट चुकतंय." दुसरा त्याच्याकडे वळला, "तुझंही?" वेण्यांची मुलगी म्हणाली, "सरांना बरोबर लागत असणार, आपल्यालाच येत नाही असं वाटायचं." आणि तू, दादा, तू पाठमोरा म्हणालास, "आणि मला वाटायचं, तुम्हाला लागतं." एका वर्गातली सगळी बोटं आपापल्या जागी गुपचूप स्वतःला दोष देत होती, आणि दोषी इथे ठकठक करत उभा होता.

मग साहेबांनी तुझ्याकडे जुनं पुस्तक सरकवलं. "सर, आपण?"

तुझा हात पानावर येण्याआधी जरासा थांबला. आणि मग तू सुरू झालास. आपण लहान असताना पांघरुणात पुस्तक ठेवून वाचायचास, दिवा लागत नाही म्हणून मला टुकटुक करत, अगदी तसा. नळाची ओळ कधी आली आणि कधी गेली ते कळलंही नाही. पान संपलं. कोणी थांब म्हणालं नाही, तर तू उलटून पुढचं घेतलंस. मुलं ऐकत बसली. साहेबांचा चहा निवला. तिसऱ्या पानाच्या मध्यावर तुला भान आलं आणि तू म्हणालास, "माफ करा, वाहवत गेलो."

साहेब कागद आवरत म्हणाले, "मी शिफारस करतो. मात्र यंत्र येऊन पुस्तकं निघायला पुढचं वर्ष उजाडेल."

"मग मला पुढचं वर्षही शाळेत राहावं लागणार," तू म्हणालास. "दुसरा मार्ग दिसत नाही." आणि साहेबांना वाटलं तू कुरकुर करतोयस! मला सांगत होते, समजूत घाला भावाची.

उस्तादची काळजी होती. जुन्या यंत्राचं काय करायचं असं साहेबांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पुस्तकं नको, पण पाकिटांवर मोठ्या अक्षरात पत्ते चालतील त्याच्याकडून. हलकं काम." म्हणजे त्याने स्वतःसाठी जे ठरवून ठेवलंय तेच. साहेबांनी तेही लिहून घेतलं. तपासनीस बाईंनी नव्या यंत्राची आधीच धास्ती घेतलीय; ते स्पष्ट बोलेल, तर त्याच्या बोलण्याची सवय कशी होणार म्हणतात.

गाडीची वेळ झाली, मुलं पुढे गेली, आणि तू दारात थांबलास. आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून घेतलीस आणि म्हणालास, "मॅडम, तुमची तिन्ही पत्रं फार बसकी होती. एकेक वाचायला संध्याकाळ गेली."

मला वाटलं, आता माझी पाळी. म्हटलं, "वय झालं, दादा. हातात जोर राहिला नाही."

"हाताला काही झालेलं नाही. टोचा झिजलाय तुझा. आधी तो बदल, मग सरकारला शहाणपण शिकव." आणि काठी आपटत गेलास. वळूनही पाहिलं नाहीस, असं इथे लिहिणार होते. मग आठवलं, तू कशाला वळशील? पायरीवर काठी दोनदा वाजवलीस, पूर्वी अच्छा म्हणायला वाजवायचास तशी. तेच तुझं वळणं.

आज सकाळी वहिनीचा फोन आला. म्हणाली, पाण्याचं भांडं त्यांनी स्वतःच जागेवर ठेवून दिलं, आणि अर्जाच्या पाठकोऱ्या बाजूवर मुलांसाठी ओळी टोचतायत. मागे रेडिओ मोठ्याने चालला होता.

घरी येऊन टोचा उजेडात धरला. मूठ माझ्या अंगठ्याच्या आकाराची झालीय, टोक हरभऱ्यासारखं गोल. तुझा हात त्यावर आधी बसला, मग माझा. वाईट वाटलं. मनात लगेच एक टिपण तयार झालं: सदर टोचा चालू स्थितीत असून बदलण्याची आवश्यकता दिसत नाही. मग या पत्रावरून बोट फिरवून पाहिलं. खरंच बसकं आहे रे. यावरही तुझी एक संध्याकाळ जाणार, तेवढी एक माफ कर.

जुना टेबलाच्या खणात राहील. हलकं काम बघू काहीतरी त्याच्यासाठी.

तुझी,
टिंब

उद्या: नवा टोचा आणणे.